चेक न घेणारं घर : जैतापूर प्रकल्पातलं एक प्रकरण

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पावर लिहिताना बहुतेक जण एक तर किरणोत्सर्गावर लिहितात, नाही तर विकासावर. हे टिपण एका घराबद्दल आहे. त्या घराच्या सातबाऱ्यावर अकरा नावं होती आणि सरकारने देऊ केलेला मोबदल्याचा चेक घ्यायचा की नाही, यावर ते घर काही वर्षं अडून बसलं होतं. ओळख पटू नये म्हणून नाती, वाडी आणि जमिनीचा आकार थोडा बदलला आहे. प्रकल्पाच्या तारखा आणि कायद्याची कलमं आहेत तशीच आहेत. माझा संबंध कागदांपुरता होता. नोटिसा वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं, तलाठ्याकडून उतारे काढून आणणं, एवढंच.

पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीच्या दक्षिणेला माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या माथ्यावर मोठा सडा आहे. काळा कातळ, पावसाळ्यात हातभर गवत, बाकी वर्षभर रखरखाट. अणुऊर्जा महामंडळाने इथली ९३८ हेक्टर जमीन निवडली. १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. प्रकल्प पुरा झाला तर जगातल्या सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्रांत त्याची गणना होईल. भट्ट्या फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या. तिच्याशी पहिला सामंजस्य करार फेब्रुवारी २००९ मध्ये झाला. जमिनीच्या नोटिसा त्याच्या कितीतरी आधी आलेल्या होत्या.

सरकारी भाषेत ही जमीन ओसाड. कोकणातला सातबारा पाहिलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. लागवडीखालचं क्षेत्र वर, त्याखाली पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य ठरवलेली जमीन. आणि कातळ म्हटला की तो पोटखराब्यात. या घराच्या उताऱ्यावर सुमारे दोन हेक्टर जमीन होती आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त पोटखराबा म्हणून लागलेली. प्रत्यक्षात त्याच कातळात थोरल्या भावाने सुरुंगाने खड्डे फोडून, खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून वाहून हापूसची कलमं उभी केली होती. तलाठ्याच्या पीकपाहणीत ती कधी चढली नाहीत, कारण पीकपाहणी सड्यावर चढून करायची पद्धतच नव्हती. पुढे मोबदल्याचा निवाडा झाला तेव्हा कागदावर जे होतं त्याचाच भाव लागला. उरलेल्या सड्यावरचं गवत गुरांना जायचं, त्याची किंमत कोणीच धरली नाही.

घराच्या चार शाखा होत्या. थोरले गावातच राहिले. वाडीत त्यांच्या शब्दाला मान. मधले गिरणी कामगार, १९८२ च्या संपानंतर लालबागमध्येच बारीकसारीक नोकऱ्या करून राहिले आणि गणपतीला व शिमग्याला न चुकता येत. बहीण सासरी, देवगडकडे. धाकटे भाऊ वारलेले. त्यांची बायको, घरात सगळ्यांची वहिनी, दोन मुलींना घेऊन त्याच घराच्या मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहत होती. जमीन अविभक्त होती. खातेफोड, म्हणजे सातबाऱ्यावर वाटे वेगळे करून घेणं, करू करू म्हणत राहिली ती राहिलीच. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा तपशील सर्वांत महत्त्वाचा ठरला.

अडचण

भूसंपादन १८९४ च्या कायद्याखाली आणि त्यातही तातडीचं कलम १७ लावून झालं. जानेवारी २०१० मध्ये पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला गेला. लोकांनी काळे झेंडे लावले, रस्त्यावर बसले, अटक करून घेतली. आणि गावोगाव ठरलं की चेक घ्यायचा नाही. तो निर्णय लोकांनी खरंच पाळला. सुमारे २,३०० खातेदारांपैकी चेक घेणारे त्या वेळी शंभराच्या आसपास होते. चेक घेऊन गावात आलेले अधिकारी ते तसेच परत नेत. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या आंदोलनांत इतका शिस्तीचा असहकार मला दुसरा आठवत नाही.

थोरल्या भावाचं म्हणणं एका वाक्यात होतं : “भाव मागितला म्हणजे जमीन विकायला काढली.” म्हणून त्यांनी वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्जही करू दिला नाही. त्याची मुदत काही आठवड्यांची असते, ती निघून गेली.

त्याच पावसाळ्यात वहिनीने मला बाजूला बोलावून विचारलं, “माझ्या वाट्याचा चेक मला मिळेल काय?” मोठी मुलगी रत्नागिरीला नर्सिंगला जाऊ बघत होती. मी निवाड्याचा उतारा पाहिला. खातं एकत्र, वाटे वेगळे दाखवलेले नाहीत. कार्यालयात विचारलं तर उत्तर अपेक्षित होतं तेच : सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतिपत्र आणा, नाही तर रक्कम कोर्टात जमा होईल आणि तिथे वाटणीचं भांडण करा.

थोरल्यांनी सरकारला नकार दिला होता. सरकारचं त्यावाचून काही अडलं नाही, ताबा घेऊन झाला होता. अडलं ते त्यांच्या भावजयीचं.

समोर असलेले पर्याय

त्या वर्षी घरात जे पर्याय बोलले गेले ते असे क्रमाने कोणी मांडले नव्हते. काही जेवताना निघाले, काही भांडताना, एक तर मुंबईहून फोनवर.

पहिला, सगळ्यांनी ठाम नकार. थोरल्यांच्या मते हाच खरा. गावाचा निर्णय आणि घराचा निर्णय यात फरक असता कामा नये.

दुसरा, सगळ्यांनी घेणं. मधले भाऊ म्हणत, “दादा, जमीन गेलीच आहे. आता आपण फक्त पैसे नाकारतोय.” कायद्याच्या बाजूने हे बरोबर होतं. १८९४ च्या कायद्यात जमीनमालकाची संमती लागतच नव्हती. तुम्ही पैसे घेतले नाहीत तर कलम ३१ प्रमाणे जिल्हाधिकारी ते कोर्टात भरतात आणि भरले की व्याजही थांबतं. सातबाऱ्यावरच्या नावाचा फेरफार व्हायचा तो होतोच.

तिसरा पर्याय त्याच कलमात होता आणि त्याची चर्चा गावात फारच कमी झाली. मोबदला निषेध नोंदवून घेता येतो. कचेरीत त्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. असं लिहून घेतलं तरच पुढे कलम १८ खाली भाव वाढवून मागता येतो. न लिहिता घेतला तर तो हक्क जातो. म्हणजे पैसे घेऊनही ‘हा व्यवहार मला मान्य नाही’ हे कागदावर ठेवायची सोय इंग्रजांच्या कायद्यातसुद्धा होती. आंदोलनाच्या दृष्टीने मात्र ही पळवाट होती. सभेत हा मुद्दा काढणाऱ्याकडे लोक संशयाने बघत, कारण चेक घेणाऱ्या काही जणांनी हीच भाषा आधी वापरलेली होती.

चौथा, कोर्ट. तातडीचं कलम लावण्याइतकी तातडी कसली, भट्ट्यांचा तर अजून करारही पुरता झालेला नाही, असा सवाल उच्च न्यायालयात टाकता आला असता. एकट्या घराच्या आवाक्यातलं ते नव्हतं.

शिवाय एक पर्याय कोणी उघडपणे बोललं नाही, पण तो हवेत होता : चेक घेणाऱ्याला वाळीत टाकणं. लग्नाला बोलवायचं नाही, पिठाच्या गिरणीत दळण घ्यायचं नाही. काही घरांशी बोलणं बंद झालेलं होतंच.

जुनं उदाहरण

वाडीतल्या एका बैठकीत निवृत्त शिक्षकांनी मुळशीची गोष्ट सांगितली. ती इथे सांगायला हवी, कारण तिच्यात हे सगळं नव्वद वर्षांपूर्वी घडून गेलं आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळा-नीळेच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. जमीन सरकारने त्याच १८९४ च्या कायद्याने मिळवून दिली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी बांधावर बसून सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापटांचं नाव त्याला जोडलं गेलं ते कायमचं. सत्याग्रहाची एकजूट मोडली ती पैशाच्या प्रश्नावर : पुण्यातल्या सावकार-जमीनदारांना मोबदला परवडत होता, कसणाऱ्या मावळ्याला नव्हता. १९२४ मध्ये बापटांनी हत्यारं घेऊन बांधकामाची गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालं. आज मुळशीच्या पाण्याच्या विजेवर मुंबईचे पंखे फिरतात आणि सुट्टीच्या दिवशी लोक तिथे भजी खायला जातात.

शिक्षकांना यातून ‘अहिंसा सोडू नका’ एवढंच सांगायचं होतं. थोरल्यांनी वेगळंच उचललं. घरी आल्यावर म्हणाले, “म्हणजे मुळशीत सावकार शेतकऱ्याला सोडून गेला. इथे मी कोण आणि वहिनी कोण?” त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला होता, कलमं विजयदुर्गच्या बाजूला आणखी होती. नकाराची चैन त्यांना परवडत होती. वहिनीला नव्हती.

काय केलं

गणपतीत चौघंही घरात असताना थोरल्यांनी निर्णय सांगितला. वहिनीच्या वाट्यापुरतं संमतिपत्र ते देतील, मधले आणि बहीणही देतील. तिने चेक निषेध नोंदवून घ्यावा. स्वतःचा वाटा ते घेणार नाहीत. मधल्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं, पण आणखी एक वर्ष थांबावं.

संमतिपत्राचा मसुदा मी लिहिला. त्यात एक ओळ त्यांनी स्वतः घालायला लावली : ‘सदर प्रकल्पास माझा विरोध असून तो कायम आहे.’ कारकुनाने ती काढायला सांगितली, ही नमुन्यात बसत नाही म्हणून. थोरले टेबलापाशी उभेच राहिले. बोलले काहीच नाहीत. मागे रांग वाढत गेली, एका म्हाताऱ्याने खोकून खोकून बाक मागितला, शेवटी वरच्या साहेबांनी ‘राहू दे’ म्हटलं. अर्ज आवकेत नोंदला गेला.

वाडीत याचा गवगवा व्हायचा तो झाला. आंदोलनाच्या समितीच्या बैठकीत थोरल्यांना विचारलं गेलं की तुमच्याच घरात चेक कसा आला. त्यांनी सांगितलं की तो माझा नव्हे, तिचा आहे, आणि तिच्या वतीने उपास करायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. काही जणांनी तेव्हापासून त्यांना मानणं सोडलं. वहिनीशी मात्र कोणी बोलणं तोडलं नाही. थोरले स्वतः तिला घेऊन देवळातल्या उत्सवाला गेले तेव्हा तो विषय संपला.

या काळात बाहेर घटना भराभर घडत होत्या. १६ मे २०१० ला पर्यावरणाची जनसुनावणी झाली. अहवालाचा मराठी तर्जुमा वेळेत हाती आला नाही ही गावांची तक्रार होती. २८ नोव्हेंबर २०१० ला पर्यावरण मंत्रालयाने ३५ अटी घालून मंजुरी दिली. ६ डिसेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना करारावर सह्या झाल्या. मंजुरी आणि पाहुणे यांच्यात आठवडाभराचं अंतर. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मंजुरी देताना व्यूहात्मक आणि आर्थिक कारणांचाही उल्लेख केला होता, तो प्रामाणिकपणाच म्हणायचा. माजी न्यायमूर्ती, माजी नौदलप्रमुख अशा पाहुण्यांना जमावबंदी दाखवून जिल्ह्यात अडवलं जात होतं. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा घडलं आणि पाच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, खाडीपलीकडच्या साखरी नाट्यात दगडफेक, पोलीस ठाण्यावर जमाव, गोळीबार. एक तरुण मच्छीमार मेला. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत बंद, एसटीची जाळपोळ, रुग्णालयाची मोडतोड.

त्या आठवड्यात वाडीची बैठक बसली आणि निषेधाचा ठराव लिहायचा होता. गोळीबाराचा निषेध करायचा यावर दुमत नव्हतं. थोरल्यांचा आग्रह होता की रुग्णालयाच्या मोडतोडीचाही त्याच ठरावात निषेध करा. तरुणांनी विचारलं, मेलेल्या पोराच्या शेजारी काचा कशा ठेवायच्या? ठराव फक्त गोळीबाराचा झाला. मला आजही वाटतं की तरुणांचं दुःख खरं होतं, पण थोरल्यांचा हिशेब बरोबर होता. त्यानंतर महिनोन् महिने गावातल्या लोकांवर जे गुन्हे लागत गेले, हद्दपारीच्या नोटिसा निघाल्या, त्या प्रत्येकाला त्या दोन दिवसांचा आधार मिळाला. चौदा महिने हातात काळा झेंडा घेऊन बसलेल्या माणसालाही ‘दंगलखोर’ म्हणता येऊ लागलं.

दुसरा असहकार

इथे घराबाहेर पडून थोडं दूरवर जावं लागेल, कारण प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाही आणि तो का राहिला नाही हे घरात बसून कळत नाही.

भोपाळच्या खटल्याचा निकाल ७ जून २०१० ला लागला. हजारो मृत्यूंना जबाबदार धरलेल्या सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा. देशभर संताप झाला आणि त्याच वर्षी अणु-दायित्वाचा कायदा संसदेत होता. परिणामी त्यात कलम १७(ब) आलं : अपघात झाला आणि दोष पुरवलेल्या यंत्राचा असला, तर नुकसानभरपाई देणारं महामंडळ ती पुरवठादाराकडून वसूल करू शकेल. महामंडळाची स्वतःची मर्यादा १,५०० कोटी. जगातल्या बहुतेक देशांत पुरवठादारावर असा बोजा नसतो. परदेशी कंपन्यांनी हे मानलं नाही. त्यांनी कुठे धरणं धरलं नाही की रस्ता अडवला नाही, फक्त पुढचं पाऊल टाकलं नाही. २०१५ मध्ये सरकारने विमा कंपन्यांचा १,५०० कोटींचा निधी उभा केला, स्पष्टीकरणं दिली, तरी गाडी हलली नाही. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जेचा आणि २०१० चा दायित्वाचा, दोन्ही जुने कायदे गेले, खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं आणि पुरवठादाराला धाक असलेलं ते कलम पूर्वीच्या रूपात उरलं नाही.

म्हणजे असहकार कंपन्यांनीही केला, पंधरा वर्षं केला, आणि तो यशस्वी झाला. माडबनचा झाला नाही. यात नैतिक बळाचा प्रश्न फारसा नाही. कंपनीच्या होकाराशिवाय भट्टी येत नाही, म्हणून तिच्या नकाराला किंमत. शेतकऱ्याच्या होकाराची १८९४ च्या कायद्याला गरजच नव्हती. गांधींनी मिठाचा सत्याग्रह केला तेव्हा सरकारला लोकांनी कर भरायला हवा होता, कापड विकत घ्यायला हवं होतं, कचेऱ्यांत कारकुनी करायला हवी होती. समोरच्याला तुमच्याकडून काही हवं असेल तरच ‘देणार नाही’ म्हणण्यात जोर येतो. चेक नाकारणाऱ्याकडून सरकारला काहीच नको होतं.

प्रकल्प रेंगाळण्याचं दुसरं कारण तर आणखी कोरडं आहे : ती भट्टी वेळेत आणि पैशात बांधून होत नव्हती. फिनलंडच्या ओल्किलुओटोत हीच ईपीआर प्रकारची भट्टी २००५ ला बांधायला घेऊन २००९ ला द्यायची होती. नियमित वीज मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलची २००७ ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये आणि खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या वर गेला. अरेवा त्यात बुडाली. तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय फ्रान्सच्याच ईडीएफने घेतला. २०१८ मध्ये मॅक्रॉन यांच्या भेटीत नव्याने करार, २०२१ मध्ये ईडीएफचा प्रस्ताव, आणि सड्यावर अजून कुंपणाची भिंत आहे, भट्टी नाही.

गुहागरला एन्रॉनचा वीजप्रकल्प पाहिलेल्या रत्नागिरीकरांना हे नवं नव्हतं. तिथेही लोक सत्तरदा तुरुंगात गेले, प्रकल्प उभा राहिला, आणि शेवटी २००१ मध्ये बंद पडला तो विजेच्या दरावरून.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्य सरकारने सानुग्रह रक्कम जाहीर केली, हेक्टरी साडेबावीस लाख. आधीच्या भावाच्या तुलनेत हा आकडा डोळे दिपवणारा होता. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बहुसंख्य खातेदारांनी पैसे घेतले.

या घराचा हिशेब : दोन हेक्टरांचे पंचेचाळीस लाख, चार वाटे, प्रत्येकी सव्वाअकरा लाख. मधल्यांचे तीन मुलांत गेले. डोंबिवलीत एका खोलीचं आगाऊ भरण्यापुरते. बहिणीने आपल्या वाट्यातून अर्धे वहिनीला दिले, हे मला फार नंतर कळलं. वहिनीची मोठी मुलगी नर्स झाली आणि एका सरकारी रुग्णालयात आहे. थोरल्यांनी त्यांचा वाटा शेवटपर्यंत घेतला नाही. त्यांच्यामागे मुलगा त्या रकमेसाठी वारसाचा अर्ज करायचा की नाही या विचारात आहे. त्याचं म्हणणं आहे की वडिलांची प्रतिज्ञा वडिलांची होती. वहिनीचा त्याला पाठिंबा आहे.

एक गंमत सांगायची राहिली. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांपैकी एकांनी माडबनच्या सभेत आधुनिक संस्कृतीवर जोरदार टीका केली. यंत्रांनी माणूस गुलाम केला, खेड्यातलं स्वावलंबी जीवन हेच खरं, वगैरे. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज’मधला गांधींचा सूर, पण गांधींचं चरखा चालवणं वगळून. वहिनी परतताना म्हणाली, “यांना एकदा वैशाखात आमच्या विहिरीवर पाठवायला हवं.” तिचा प्रकल्पाला विरोध थोरल्यांइतकाच होता. विजेला नव्हता. ज्या गावात दिवसाचे काही तास लोडशेडिंग असायचं, तिथे वीज वाईट आहे असं सांगणारा माणूस विरोधकच वाटायचा. लोकांचा सवाल निराळा होता : वीज कोणाला, धोका कोणाला, आणि हे ठरवताना आम्हाला विचारलं का? आधुनिकतेवरची यापेक्षा नेमकी टीका मला तरी माहीत नाही, आणि ती कुठल्या व्याख्यानातून आलेली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

खातेफोड आधी व्हायला हवी होती. हे ऐकायला फार क्षुल्लक वाटतं. कलम ४ ची, म्हणजे संपादनाची पहिली, अधिसूचना निघण्याआधी चार वाटे वेगळे असते तर थोरल्यांना नकार देता आला असता आणि वहिनीला होकार, दोघांनाही एकमेकांच्या सहीवाचून. त्याच वेळी पोटखराब्यातली कलमं पीकपाहणीत चढवून घ्यायला हवी होती. विरोध करणाऱ्या गावांनी हे केलं तर ते प्रकल्पाला मान्यता दिल्यासारखं होतं, ही समजूत चुकीची आहे. आपल्या जमिनीवर काय उभं आहे ते कागदावर असणं विरोधालाही लागतं.

चेक नाकारणं आणि निषेध नोंदवून घेणं यांपैकी काय करायचं हे प्रत्येक खातेदाराला मोकळेपणी ठरवू द्यायला हवं होतं. समितीने दोन्ही रस्ते सारख्याच सन्मानाचे आहेत असं एकदा जाहीर केलं असतं, तर २०१३ मध्ये मोठी रक्कम आली तेव्हा लोक लपून-छपून कचेरीत गेले नसते. आणि कलम १८ ची मुदत ज्यांची गेली, त्यांतल्या अनेकांची गेली नसती. थोरल्यांशी मी यावर वाद घातला आहे. त्यांचं उत्तर होतं की एकी दोन रस्त्यांवर चालत नाही. २०१० मध्ये ते बरोबर असतील. २०१३ मध्ये एकी कुठल्याच रस्त्यावर नव्हती.

सगळ्यांत मोठी गोष्ट समुद्राची. भट्ट्यांचं थंड करायचं पाणी समुद्रातून घेऊन, समुद्रापेक्षा सुमारे पाच अंशांनी गरम करून परत सोडायचं होतं, आणि किनाऱ्याला सुरक्षा पट्टा येणार होता. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचं समुद्रावर नाव लागलेलं नाही. सातबारा नाही, म्हणून निवाडा नाही, म्हणून चेकही नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळच्या कोळ्यांकडून त्यांनी बंदिस्त समुद्राची गोष्ट ऐकलेली होती. त्यांच्याकडून सरकारला खरेदी करण्यासारखं काही नसल्यामुळे त्यांना फोडताही येत नव्हतं. आंदोलनाचं केंद्र पहिली दोन वर्षं सड्यावर, जमीनमालकांत राहिलं आणि मच्छीमार ‘पाठिंबा देणारे’ राहिले. उलट असायला हवं होतं. जमीन गेल्यावर खातेदाराच्या हाती नकार उरला होता. मच्छीमारांचा बंदर बंद ठेवण्याचा, मासळी न उतरवण्याचा, पाण्याचं तापमान वर्षानुवर्षं स्वतः नोंदवून ठेवण्याचा पर्याय कधीच संपला नव्हता. यातलं तापमानाचं काम तर कोणाच्या परवानगीविना सुरू करता आलं असतं.

याच तालुक्यात पुढे नाणारच्या रिफायनरीला विरोध झाला तेव्हा काही गावांनी यातलं थोडं उचललं. जमीन जायच्या आधी, निवडणुकीच्या तोंडावर, संपादन व्हायचं असतानाच त्यांनी नकार दिला, आणि मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. तिथल्या दोन घरांनी आपली खातेफोड त्या आधीच करून घेतली होती. मसुदा मीच लिहिला होता, आणि त्याची फी म्हणून मिळालेली आंब्याची पेटी थोरल्यांच्या मुलाने पुण्याला नेली.